सिंहमुखी बाळी जुन्या ग्रीक रीतीने कशी घडवावी

इसवी सनापूर्वी ३३०च्या आसपास, अलेक्झांडरच्या स्वाऱ्यांच्या काळात, भूमध्य समुद्राच्या काठाने एक नव्या घडणीची बाळी पसरू लागली. एका टोकाला प्राण्याचं डोकं, तिथून मागे निमुळतं होत जाणारं पिळाच्या तारांचं कडं, आणि दुसरं टोक जवळजवळ सुईसारखं. ते टोक कानाच्या भोकातून काढायचं आणि प्राण्याच्या जबड्यापाशी असलेल्या कडीत अडकवायचं. फिरकी नाही, मळसूत्र नाही. सिंह सगळ्यांत जास्त, त्याखालोखाल हरिण, बैल, रानमांजर आणि पुढे डॉल्फिन. इटलीपासून काळ्या समुद्रापर्यंत आणि सायप्रसपासून इजिप्तपर्यंत अशा बाळ्या मिळाल्या आहेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आणि लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये त्या भरपूर पाहायला मिळतात.

फोटोत बघताना वाटतं की डोकं ओतलेलं किंवा कोरलेलं असावं. हातात तोलली तर बाळी जेमतेम काही ग्रॅमची भरते. डोकं आतून पोकळ असतं, कागदापेक्षा थोड्या जाड पत्र्याचं. आयाळ, गळपट्टी, रवे (धातूचे बारीक गोळे), तारा हे सगळं वेगळं करून त्यावर बसवलेलं. म्हणून नवशिक्याने सिंहाच्या तोंडावर आठवडा घालवून सांधे शेवटच्या दिवशी उरकले, तर बाळी हातची जाते. इथे खरा कस लागतो तो कोणता सांधा आधी तापवायचा आणि कुठे थांबायचं यात.

सुरुवातीला सिंहच घ्या. हरणाची शिंगं पिळाच्या बारीक तारेची असतात आणि जाळ लागला की आधी तीच वितळतात. बैलाचा चेहरा सपाट, मधला सांधा लपायला जागा नाही. सिंहाला आयाळ असते, तिच्याखाली बरंच काही झाकलं जातं.

आधी चांदी, मग सोनं

पहिली बाळी शुद्ध चांदीत करा, ९९.९ टक्क्यांच्या. कारण पैशाचं तर आहेच, पण त्याहून मोठं कारण तापमानाचं आहे. रवे बसवायची जुनी रीत तांब्यावर चालते: तांबं आणि चांदी एकत्र आली की त्यांचं मिश्रण ७७९ अंश सेल्सिअसला पातळ होतं, तर शुद्ध चांदी वितळते ९६२ अंशांना. म्हणजे चुकायला १८० अंशांची मोकळीक. सोन्यात शुद्ध सोनं १०६४ला वितळतं आणि तांब्याशी त्याचं मिश्रण ९००च्या आसपास. २२ कॅरेट सोनं स्वतःच शुद्ध सोन्याच्या आधी वितळत असल्यामुळे तिथे मोकळीक आणखी कमी होते. हात बसेपर्यंत चांदीच बरी.

बाजारात दागिन्यांसाठी मिळणारी ९२.५ची चांदी या कामाला घेऊ नका. तिच्यात तांबं आधीच आहे, तापवली की वर काळपट थर धरते आणि रवे चिकटायच्या आधी पत्राच वितळून खाली बसतो. सोन्यात करायची वेळ आली तर २२ कॅरेट घ्या, पण भेसळ फक्त चांदी आणि तांब्याची हवी. जस्त नको, आणि कॅडमियम तर मुळीच नको. जुन्या ‘केडीएम’ दागिन्यांच्या डाखात (सांधा जोडायला वितळवायच्या धातूत) कॅडमियम असायचं, त्याची वाफ फुप्फुसाला घातक आहे.

एका बाळीला लागणारा माल, चांदीत:

डोक्यासाठी ०.२ मिलीमीटर जाडीचा पत्रा, १२ बाय १४ मिलीमीटरचे दोन तुकडे. दोन्ही मिळून सुमारे ०.७ ग्रॅम.

कड्याचा गाभा: ६० मिलीमीटर लांब सळई, डोक्याकडे १.६ मिलीमीटर जाड, टोकाकडे ०.८. तिचंही वजन ०.७ ग्रॅमच्या थोडं वर.

गाभ्यावर गुंडाळायची अर्ध्या मिलीमीटरची तार, प्रत्येकी ३० सेंटीमीटरच्या दोन. यातली ५० सेंटीमीटर कामी येते, बाकी हातात धरायला.

गळपट्टीला ०.२५ मिलीमीटरचा पत्रा, ५ बाय २४ मिलीमीटर, आणि काठाला ०.६ची तार ६ सेंटीमीटर.

रव्यांसाठी ०.३ मिलीमीटरची तार, फक्त १० सेंटीमीटर.

तयार बाळी ३ ग्रॅमच्या आसपास भरेल. हीच २२ कॅरेट सोन्यात केली तर ५ ग्रॅमच्या जवळ जाते, कारण सोनं तेवढ्याच जागेत जास्त भरतं. माल मात्र दीडपट घेऊन बसा.

याशिवाय: लोणारी कोळशाची सपाट घासलेली वीट, मऊ ज्योत देणारी गॅसची बत्ती (बंकनळी, म्हणजे तोंडाने फुंकायची नळी, येत असेल तर उत्तमच), चिमटे, दहापट मोठं दाखवणारं भिंग, ‘०००’ नंबरचा कुंचला, टाकणखार, लिंबूसत्त्व, आणि मॅलाकाइटची पूड म्हणजेच हिरवं तांब्याचं कार्बोनेट. पूड हाताळताना तोंडाला फडकं बांधा, खिडकी उघडी ठेवा.

तार: जंत्री बाजूला ठेवा

ग्रीक सोनाराकडे जंत्री, म्हणजे तार ओढायची भोकांची पट्टी, नव्हती. भोकातून ओढून तार काढणं त्याच्यानंतर कित्येक शतकांनी आलं. तो तार पिळून काढायचा. हे काम कंटाळवाणं आहे आणि इथेच बहुतेक जण जंत्रीकडे वळतात. तसं केलं तर बाळी होईल, पण ती जुन्या घडणीची दिसणार नाही. का ते भिंगातून कळतं.

चांदीची लगड ऐरणीवर ठोकून एक मिलीमीटर चौरस सळई करा. ठोकताना प्रत्येक घावाला पाव वळसा द्या म्हणजे कडा दबून घडी पडणार नाही. घडी पडली की पिळताना तीच उघडते आणि तार सोलल्यासारखी दुभंगते. अंधाऱ्या जागी जेमतेम तांबूस होईपर्यंत तापवा, थंड करा. एक टोक शेगड्यात (बाकाच्या कचाट्यात) पकडून दुसरं पकडीने सावकाश पिळा. चार-पाच वेढे पडले की परत तापवून मऊ करा. न तापवता पुढे गेलात तर तार अचानक एका ठिकाणी तुटते, तीही बहुधा पकडीपासून दोन बोटांवर.

पीळ पुरेसा घट्ट झाला की तार ग्रॅनाइटच्या गुळगुळीत लादीवर ठेवून वरून दुसरी सपाट फळी दाबत मागेपुढे लाटा, कणकेची वाती वळतात तशी. लाटताना ती गोल होते, लांब होते, बारीक होते. परत तापवा, परत लाटा. अर्ध्या मिलीमीटरला आली की थांबा.

आता भिंग लावा. तारेच्या अंगावर मळसूत्रासारखी फिरत जाणारी बारीक रेघ दिसेल. सळईच्या कडा दबून ती झाली. हीच रेघ खऱ्या जुन्या कामावर दिसते. जंत्रीतून ओढलेल्या तारेवर रेघा असतात त्या सरळ, तारेच्या लांबीला समांतर. ‘दोन हजार वर्षं जुनी’ म्हणून कुणी बाळी पुढे केली आणि तिच्या तारेवर सरळ रेघा असल्या, तर पुढचं बोलणं ऐकायची गरज उरत नाही. उलट मात्र खरं धरू नका: पिळाची रेघ आहे म्हणजे जुनीच असं नाही, कारण ती आत्ताच तुम्हीसुद्धा काढली.

डोकं: दोन अर्धे, उजवा आणि डावा

पत्रा ठोकताना खाली आधाराला लागणारी राळ आधी बनवा. १०० ग्रॅम राळ मंद आचेवर पातळ करा, त्यात विटेची वस्त्रगाळ पूड १५० ग्रॅम थोडी थोडी घाला आणि शेवटी १० मिलीलीटर तिळाचं तेल. पावसाळा-हिवाळ्यात तेल किंचित वाढवा, एप्रिल-मेमध्ये विटेची पूड. बरोबर जमलेल्या राळेत नख दाबलं तर खूण उमटते पण राळ नखाला चिकटत नाही. ठिसूळ राळेत पत्रा फाटतो, मऊ राळेत तो नुसता बुडतो आणि आकार धरत नाही.

जुने कारागीर ब्राँझच्या ठशावर पत्रा दाबून डोकी काढत. त्यामुळे जोडीतली दोन्ही सारखी यायची. एकच बाळी करायची असेल तर ठसा कोरण्यात दिवस घालवू नका, राळेवर हाताने उठवा. जोडी करायची असेल तर मात्र पितळेचा छोटा ठसा फायद्याचा. शिशाच्या पाटावर ठोकायचा मोह टाळा. शिशाचा कण पत्र्याला चिकटून राहिला आणि तो तापवला की चांदी-सोन्याला भोक पाडतो. ते भोक बुजवायला गेलात की शेजारी दुसरं पडतं.

पत्र्याच्या दोन्ही तुकड्यांवर सिंहाची बाजूने दिसणारी आकृती उलटसुलट आखा. ग्रीक सिंह ओळखायच्या तीन खुणा आहेत: उघडा जबडा, नाकावरच्या आडव्या सुरकुत्या, आणि भुवईखाली खोल गेलेला डोळा. राळेत आधी गालाचा फुगवटा मागून उठवा, मग कपाळ, सगळ्यांत शेवटी नाक. एकूण उठाव साडेतीन मिलीमीटर पुरे. हे एका दमात होत नाही. तीन ते चार वेळा पत्रा राळेतून काढून, धुऊन, तापवून मऊ करावा लागतो. राळ नीट न पुसता तापवलात तर ती जळून पत्र्यावर काळं कवच धरते, ते निघता निघत नाही. आधी तेलाच्या बोळ्याने पुसा.

हमखास फाटणारी जागा म्हणजे नाकाचा शेंडा. तिथे पत्रा चारी बाजूंनी ताणला जातो आणि ०.२चा ०.१वर येतो. उपाय दोन: टोकदार टाचणीऐवजी गोल डोक्याचा पंच वापरा, आणि नाक उठवण्याआधी गालाकडचा पत्रा नाकाच्या दिशेने ढकलत आणा. तरी फाटलंच तर तो अर्धा टाकून नवा करा. डाखाने बुजवलेलं नाक पुढच्या प्रत्येक तापवण्यात परत उघडतं.

मग उजवा-डावा अर्धा कापून काठ सपाट घासा. काचेवर सॅंडपेपर ठेवून त्यावर अर्धा फिरवलात की काठ एका पातळीत येतो. दोन्ही अर्धे जुळवून उजेडासमोर धरा. फटीतून प्रकाश दिसत असेल तर अजून घासा. ज्या फटीतून उजेड जातो ती कुठलाही डाख भरू शकत नाही.

मानेकडची बाजू उघडी राहते, म्हणून डोक्याला सध्या वेगळं भोक नको. पुढे गळपट्टी बसली की ती बंद होईल, तेव्हाची गोष्ट तेव्हा सांगतो.

हिरवी पूड आणि डिंक

रोमन लेखक प्लिनीने लॅटिनमध्ये ज्याला ‘क्रायसोकोला’ म्हटलं, म्हणजे ‘सोन्याचा डिंक’, ते हिरवं तांब्याचं खनिज होतं. युरोपात ही रीत मध्ये विस्मरणात गेली आणि १९३०च्या दशकात एच. ए. पी. लिटलडेल या इंग्रज कारागिराने ती पुन्हा बसवली. होतं असं: डिंकात कालवलेली तांब्याची पूड सांध्यावर लावायची. तापलं की पूड काळी होते, म्हणजे तांब्याचा ऑक्साइड. डिंक जळून कोळसा होतो. आणखी तापलं की तो कोळसा ऑक्साइडमधला प्राणवायू खेचून घेतो आणि जागच्या जागी शुद्ध तांब्याचा कणभर थर उरतो. ते तांबं शेजारच्या चांदीत किंवा सोन्यात शिरतं, दोघांचं मिश्रण क्षणभर पातळ होतं आणि सांधा बसतो. नंतर तांबं आणखी आत पसरतं, त्यामुळे तोच सांधा दुसऱ्यांदा तितक्या सहज वितळत नाही. याच एका गुणामुळे एकाच वस्तूवर चार-पाच वेळा जाळ देता येतो.

कतिरा डिंकाचे चार-पाच खडे अर्धी वाटी पाण्यात रात्रभर भिजवा, गाळून घ्या. चमचाभर डिंकपाण्यात मॅलाकाइटची पूड चाकूच्या टोकावर मावेल तेवढीच. रंग फिक्या पोपटी ताकासारखा यायला हवा. गडद हिरवा आला तर तांबं जास्त झालं: रवे आपल्याच डबक्यात बुडतील आणि त्यांच्यामधल्या फटी भरून नुसता चिखल दिसेल. आपल्याकडचे सोनार चिकटवायला गुंज उगाळून वापरत आले आहेत आणि ती उत्तम चालते, पण गुंजेचा गर विषारी आहे. नवशिक्याने डिंकावर भागवावं.

डोक्याच्या दोन्ही अर्ध्यांच्या काठाला हे पाणी लावा, जुळवा, लोखंडाच्या बारीक तारेने हलकेच बांधा, आणि पूर्ण वाळू द्या. पूर्ण म्हणजे पूर्ण. ओलं राहिलं तर वाफ होऊन अर्धे सरकतात.

जाळ देताना ज्योत मऊ, पिवळट, झुबकेदार हवी. निळी फुस्स करणारी ज्योत प्राणवायू आणते, त्यामुळे तांबं काळ्याचं काळंच राहतं आणि सांधा कधीच बसत नाही. ‘इतकं तापवलं तरी चिकटत नाही’ ही तक्रार दहातल्या आठ वेळा या ज्योतीमुळे असते. कोळशाची वीट आधी कडेकडेने लाल करा म्हणजे उष्णता खालून येईल. मग ज्योत डोक्याभोवती गोल फिरवत ठेवा. सांध्यावर काळेपणा जाऊन तांबूस छटा येईल, आणि मग एक क्षण असा येतो की रेषेवरून पाण्यासारखी चमक धावते. त्याच क्षणी ज्योत बाजूला. ‘अजून थोडं’ म्हणून दोन सेकंद थांबलात की नाक खाली बसलेलं दिसेल.

थंड झाल्यावर पाव लीटर गरम पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व घालून त्यात दहा मिनिटं ठेवा, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात, मग साध्या पाण्यात उकळा. पोकळ वस्तूला ही तिसरी पायरी सोडू नका. आत राहिलेलं आम्ल महिन्या-दोन महिन्यांनी सांध्यातून हिरवं पाझरतं.

आयाळ आणि रवे

रव्यांचा हिशेब आधी. तार जितकी जाड तितक्याच लांबीचे तुकडे केले तर वितळून होणारा रवा तारेच्या जाडीपेक्षा साधारण एक सप्तमांशाने मोठा येतो. ०.३ मिलीमीटरच्या तारेचा ०.३ लांबीचा तुकडा म्हणजे ०.३४ मिलीमीटरचा रवा. ३०० रवे हवेत तर तार लागते अवघी ९ सेंटीमीटर. वजन जेमतेम १ ग्रॅमचा पंधरावा हिस्सा. इट्रुस्कन, म्हणजे रोमनांआधीच्या इटलीतले, सोनार याच्या निम्म्याहून लहान रवे बसवत. तिकडे सध्या बघू नका.

तुकडे एकेक कापण्याऐवजी तारेचे पाच तुकडे शेजारी शेजारी पारदर्शक चिकटपट्टीवर लावून पट्टीसकट कातरा. मुशीच्या तळाशी कोळशाची बारीक पूड पाच मिलीमीटर, त्यावर तुकडे विखरा, परत पूड, परत तुकडे. चार थरांच्या वर नको. दोन तुकडे एकमेकांना लागले तर त्यांचा एक मोठा रवा होतो, एवढंच काय ते बिघडतं. झाकण ठेवून मूस पिवळट लाल होईपर्यंत तापवा आणि दहा मिनिटं तशीच ठेवा. थंड झाल्यावर साबणाच्या पाण्यात ढवळा. कोळसा तरंगतो, रवे तळाला. तिरप्या काचेवर सोडले की गोल रवे घरंगळतात, वेडेवाकडे मागे अडकतात. मागे राहिलेले परत मुशीत.

आयाळीचे झुपके दोन ओळींत करा. ०.१५च्या पत्र्याच्या ज्योतीसारख्या बारीक पट्ट्या कापा, मधे पंचाने एकेक खोल रेघ द्या, आणि डोक्याच्या मधल्या सांध्यावर पहिली पट्टी अशी बसवा की सांधा झाकला जाईल. पट्ट्यांच्या मुळाशी एक ओळ रव्यांची. कुंचला डिंकपाण्यात बुडवून एकेक रवा उचला. दोन रवे एकमेकांना जेमतेम टेकले पाहिजेत. फट राहिली तर ओळ तुटक दिसते, चढले तर जाळात सरकतात. वीस-पंचवीस रवे झाले की थांबून वाळू द्या. एकदम शंभर लावायला गेलात तर शेवटचा लावताना पहिल्याखालचं पाणी पुन्हा सुटतं.

रात्रभर वाळवून दुसऱ्या दिवशी मघासारखाच जाळ. इथे एक गोष्ट डोक्यात ठेवा: रवा बारीक असल्यामुळे तो पत्र्याच्या आधी तापतो. ज्योत थेट रव्यांवर धरली तर रवे वितळून पसरतात आणि पत्रा मात्र थंडच. खालून, पत्र्याच्या बाजूने तापवायचं. बसलेला रवा भिंगातून पाहा: तो गोलच दिसायला हवा, आणि तळाशी पत्र्याला केसभर मानेने चिकटलेला. सुईच्या टोकाने ढकला. सुटला तर तो कधी चिकटलाच नव्हता. त्याची जागा परत हिरवी करून एकदाच जाळ द्या. चार-सहा रवे गेले तर सरळ सोडून द्या, संग्रहालयांतल्या बाळ्यांतही गळालेल्या रव्यांच्या जागा दिसतात.

मेट्रोपॉलिटन संग्रहालयात भारतातली, बहुधा आंध्रातली, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाची सोन्याची कर्णभूषणांची एक मोठी जोडी आहे. तिच्यावर पंख असलेला सिंह आणि हत्ती आहेत. तेही असेच: ठोकून उठवलेला पत्रा, त्यावर रवे, तारेचे तुकडे, वेगळे घडवून बसवलेले बारीकसारीक भाग. सातवाहनांच्या काळाला जवळची ही जोडी मराठी माणसाने एकदा मोठ्या फोटोत तरी पाहावी. हत्तीच्या अंगावरचे रवे मोजण्यात तासभर सहज जातो.

गळपट्टी आणि मण्यांची तार

गळपट्टी म्हणजे डोकं आणि कडं यांच्यामधली बाही. ५ बाय २४ मिलीमीटरच्या पट्टीची नळी वळवा, सुमारे साडेसात मिलीमीटर व्यासाची, आणि कड्याकडची बाजू हळूहळू ठोकून अरुंद करा. डोक्याच्या मानेचं तोंड वेगळ्या मापाचं आलं असेल, येतंच, तर पट्टी त्या मापाने कापा. डोकं पट्टीच्या मापाने दाबू नका.

काठाला मण्यांची तार लागते. ०.६ची तार लादीवर ठेवा, वरून बोथट दुहेरी धारेची पोलादी पट्टी आडवी धरून मागेपुढे लाटा. दोन धारांमध्ये एक मणी उठतो. मग एक धार तयार खाचेत ठेवून पुढचा मणी. जोर कमी आणि फेऱ्या जास्त. धार एकदम दाबली तर मण्याऐवजी तार तुटते. काठावर ती तांब्याच्या पाण्यानेच बसवा, डाख वापरू नका. डाख मण्यांमधल्या खाचांत शिरतो आणि मेहनत झाकून टाकतो.

कडं

गाभ्याची सळई ठोकून आणि लाटून निमुळती करा. जाड टोकापासून ४५ मिलीमीटरपर्यंत दोन्ही तारा शेजारी शेजारी घट्ट गुंडाळा, शेवटचे १५ मिलीमीटर उघडे सोडा, तेच कानात जाणार. गाभा निमुळता असल्यामुळे तारा बारीक टोकाकडे घसरतात. म्हणून गुंडाळायला सुरुवात बारीक बाजूने करा आणि जाड बाजूकडे चढत जा.

सांधा फक्त दोन टोकांना. मधे डाख पोचला तर वेटोळ्यांच्या रेषा भरून निघतात आणि कडं नुसत्या नळीसारखं दिसतं. मग १६ मिलीमीटरच्या दांड्याभोवती अंगठ्याने वाकवा, पकडीने नाही. पकडीचे दात तारेवर उमटले की ते घासून जात नाहीत.

जुळणी, आणि तापवण्याचा क्रम

आता क्रम. तांब्याच्या पाण्याने व्हायचं ते सगळं आधी: डोक्याचा सांधा, आयाळ, रवे, मण्यांची तार. मग गळपट्टी डोक्याला कडक, म्हणजे सगळ्यांत उशिरा वितळणाऱ्या डाखाने. मग कडं गळपट्टीला मध्यम डाखाने. सगळ्यांत शेवटी जबड्याखालची कडी, मऊ, लवकर वितळणाऱ्या डाखाने. आजच्या तयार डाखात जस्त असतं. एकदा तो वस्तूवर आला की त्यानंतर रवे बसवायला वरच्या तापमानाला जाता येत नाही, जस्त पत्रा खात खड्डे पाडतं. ‘दोन रवे राहिले होते, शेवटी लावले’ या एका वाक्यात बऱ्याच चांगल्या बाळ्या गेल्या आहेत.

गळपट्टी बसवण्याआधी सिंहाच्या उघड्या जबड्यातून आत अर्ध्या मिलीमीटरचं भोक पाडा. आता मान बंद होणार, आणि बंद पोकळीतली हवा तापली की वाट शोधते: डाख पातळ झाला की तिथूनच फुटून बाहेर येते, किंवा गाल फुगवते. जबड्यातलं भोक कुणाला दिसत नाही. धुताना आतलं आम्लही तिथूनच निघतं, म्हणून शेवटचं उकळणं दोन पाण्यांत करा आणि वस्तू कोमट तव्यावर वाळवा.

कडं जोडताना डोकं ओल्या मातीने किंवा भिजवलेल्या फडक्याने झाकलं तर रव्यांपर्यंत उष्णता कमी जाते. मात्र पाणी सांध्याला लागलं की डाख पसरत नाही, टिपूस होऊन बसतो.

जबड्याखालची कडी ०.६च्या तारेची, आतून दीड मिलीमीटर. टोक कडीत सहज शिरलं पाहिजे पण आपोआप सुटता कामा नये. टोकाचा शेवटचा मिलीमीटर किंचित आत वाकवा आणि टोक गोल घासा. अणकुचीदार ठेवलंत तर कान सोलेल.

उजाळा

पॉलिशचं यंत्र लावू नका. चाकावरचा लोकर-साबण पहिल्या मिनिटात रव्यांचे माथे सपाट करतो आणि खाचांत काळं भरतो. अगेटच्या किंवा पोलादी घोटणीने फक्त नाक, गाल आणि गळपट्टीचे मोकळे भाग घोटा. बाकी रिठ्याचं पाणी आणि मऊ ब्रश.

सोन्यात केलीत तर रंग अगदी पिवळाजर्द येईल आणि जुन्या वस्तूंपेक्षा वेगळा वाटेल. काही जुन्या सोन्यात भिंगाखाली चंदेरी, न घासले जाणारे कण दिसतात; नदीच्या वाळूतून आलेल्या सोन्याबरोबर इरिडियम-ऑस्मियमचे कण येत, ते वितळत नसत. आजच्या शुद्ध केलेल्या सोन्यात ते नसतात. ते आणायचा किंवा रसायनांनी रंग जुनाट करायचा खटाटोप कशाला. त्याऐवजी गळपट्टीवर बाहेरून, कड्याच्या आत वळणाऱ्या बाजूला, बसवण्याआधीच, करण्याचं वर्ष कोरून ठेवा. अशा बाळ्या हातोहात फिरतात आणि विसाव्या वर्षी कुणीतरी त्यांना ‘प्राचीन’ म्हणून विकायला काढतं. १९७२च्या पुरावस्तू कायद्याखाली शंभर वर्षांहून जुन्या वस्तूच्या खरेदी-विक्रीला आणि परदेशी नेण्याला बंधनं आहेत. कोरलेलं वर्ष असलं की नक्कल नक्कलच राहते, आणि विमानतळावर प्रश्न आला तर उत्तर वस्तूवरच लिहिलेलं असतं.

दुसरी बाळी लगेच सुरू करा, पहिल्या बाळीची मापं वहीत उतरवलेली असतानाच. पत्र्याचा तुकडा, तारेची लांबी, रव्यांची संख्या, कितव्या जाळाला काय झालं. जोडीत डावा सिंह डावीकडे बघतो आणि उजवा उजवीकडे, म्हणून पट्ट्या आखताना या वेळी सगळं उलट.